संघप्रियाच्या वाटचे लाडू

इंदुबाईच्या शोकसभेत सगळ्यांत जास्त वेळ बोलला तो जयप्रकाश, आणि त्याचं बाळंतपण काही इंदुबाईनं केलं नव्हतं. बहरीनच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून माईक त्याच्या हातात. मातृतुल्य काय, सेवामूर्ती काय, दीपस्तंभ काय! मी मागच्या रांगेत माझी मैत्रीण खदिजाच्या शेजारी बसून मनात म्हणत होते, मेल्या, त्या दीपस्तंभाच्या हातांना तिळाच्या तेलाचा वास यायचा ते सांग की. त्याची बायको विशाखा समोरच बसली होती. तिची दोन्ही पोरं इंदुबाईच्या पायांवर न्हाली. तिला एक शब्द बोलायला कुणी सांगितलं नाही. आमची मुसलमानांची जमात काय नि यांचं मंडळ काय, माईकच्या बाबतीत पुरुष सगळीकडे सारखेच.

ज्यांना इंदुबाई ठाऊक नाही त्यांना सांगते. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. कोकणात तेच, देशावर तेच, मुसलमानांत तेच, बौद्धांत तेच. पण नवऱ्यामागं बहरीनला आलेल्या पोरीनं काय करायचं? नवऱ्याला लीव मिळत नाही, आईला व्हिसा मिळत नाही, आणि पोट काही कंपनीचं वेळापत्रक बघून वाढत नाही. अशा वेळी इंदुबाई यायची. तिचा नवरा रामजीभाऊ सित्र्याला एका कारखान्यात फिटर. मआमीर गावात एका अरबाच्या जुन्या घरात दोन खोल्या घेऊन राहायचे. गावात कारखान्यांचा वास सदानकदा भरलेला, पण इंदुबाई म्हणायची, मला तर ओव्याचाच वास येतो.

बाळंतीण हॉस्पिटलातून घरी आली की दुसऱ्या दिवशी ही दारात हजर. हातात लाडवांचा डबा, पिशवीत तेल, शेपा, ओवा. अरब लोक घरात ऊद जाळतात ना, तसली एक धुपाटणी तिनं सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून आणली होती. त्यात ती कोळसे घालून बाळंतिणीला शेपा-ओव्याची धुरी द्यायची. अंघोळीला बाळ पायांवर घ्यायची आणि त्याच्या आईला शिव्या घालायची. पाठ टेकून बस, गार पाणी पिऊ नको, त्या टीव्हीसमोरून ऊठ आधी. हॉस्पिटलातल्या नर्सांशी तिची अरबी चालायची, म्हणजे यल्ला, खलास आणि मफी, चल, झालं नि नाही, एवढ्या तीन शब्दांवर आणि बाकी सगळं सिंदखेडराजाच्या मराठीत. नर्सांना कसं समजायचं ते अल्लाला ठाऊक, पण त्या तिचं ऐकायच्या. चाळीस दिवस हा नेम. कुणाकडून साडी घेतली नाही की सोनं घेतलं नाही. ती हिंदू, ही मुसलमान, ती आपल्यातली, असलं काही तिनं कधी मधे आणलं नाही.

माझा झुबेर एक्क्याण्णवच्या कुवेतच्या लढाईत झाला. विमानं बंद, काचांना पट्ट्या चिकटवलेल्या, आणि खेडला माझी आई फोनवर नुसती रडत होती. आमचे हे, म्हणजे नजीब, इतके घाबरले होते की मलाच त्यांना धीर द्यावा लागायचा. त्या दिवसांत मआमीरहून मनाम्याला माझ्या घरी रोज आली ती इंदुबाई. तेव्हा ती माझी कोण होती? कुणीच नाही. म्हणून सांगते, ती गेली तेव्हा मी सख्खी आई गेल्यासारखी रडले.

तर सभा. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली इंदुबाईचा फोटो, मेणबत्त्या, पंचशील झालं, भाषणं झाली. जो उठतो तो म्हणतो, ती माझी आईच होती. मग जयप्रकाशनं संघप्रियाला दोन शब्द बोलायला सांगितलं. संघप्रिया म्हणजे इंदुबाईची एकुलती एक लेक. इथंच इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न करून रिफाला राहणारी, आणि तेव्हा सातव्या महिन्याची पोटुशी. कमरेला हात लावून ती उठली.

"थँक यू फॉर कमिंग," ती म्हणाली. "ती तुम्हा सगळ्यांची आई होती असं आज कळलं. मला अपॉइंटमेंट मिळाली असती तर मीही तिला भेटले असते."

आणि खाली बसली. रामजीभाऊ मान खाली घालून बसले होते, त्यांनी ती तशीच ठेवली. खदिजा माझ्या कानाशी लागली, "दिव्याखाली अंधार गो, इशरत." मला राग आला. आधी पोरीचा आला, आणि घरी जाईपर्यंत आमचाच आला. कारण तिचं खोटं नव्हतं. तिची आई दुपारची कुठं असायची? आमच्याकडे असायची.

आता प्रश्न असा होता की त्या पोरीचं बाळंतपण कोण करणार. सासू नाही, ती आधीच वारलेली. आई गेली. पोट पुढं गेलेलं, विमानात कुणी बसू देणार नाही. नवरा रुपेश भला माणूस, पण एका बँकेच्या कॉम्प्युटरवर बसणारा, त्याला बाळाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले इथपासून शिकवायचं. मी खदिजाला म्हटलं, आपण करायचं. नाहीतर इंदुबाईनं आपल्या घरी येऊन झक मारली काय?

दोघी रिफाला गेलो. संघप्रियानं ज्यूस दिला, बसवलं, आणि सरळ नाही म्हणाली. तिच्याकडे हॉस्पिटलचं पुस्तक होतं, प्लॅस्टिकचा टब होता, बाटल्या होत्या, सगळं कसं शिस्तीत. आंटी, आय विल मॅनेज, म्हणे. मीही हटणारी नाही. मी बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली, आणि मग एकाएकी तिचा आवाज बदलला. इंग्रजी सुटलं.

"आमच्या घरात लाडवांचा वास यायचा आणि डबा बाहेर जायचा," ती म्हणाली. "मी लहान असताना एकदा एक मागितला. आई म्हणाली, हा तुझा नाही, तुझा तुझ्या वेळेला करीन. आता माझी वेळ आलीय. तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत ना ते? मग मला तेच करून आणा. आईचे. बाकी मला काही नको, आणि ते नसतील तर तुम्हीही नको."

एवढं बोलून ती आत निघून गेली. पोरगी रडायला गेली हे आम्हा दोघींनाही कळलं. खाली उतरताना खदिजा म्हणाली, एवढंच ना, लाडूच करायचेत, सोपं आहे. मलाही तसंच वाटलं. ती रागानं मागत होती, पण मागत होती. ते नीट जमलं तर तिच्या घराचं दार आम्हाला उघडं होतं, नाहीतर ती पोर चाळीस दिवस एकटी भिंतीकडे बघत काढणार होती. मी तसं काढलेल्या बायका बघितल्यात. एकीला तर परत गावी पाठवावं लागलं होतं.

दिवस भरत आले तशा आम्ही माझ्या स्वयंपाकघरात जमलो. मी, खदिजा आणि विशाखा. मी आदल्या दिवशीच हळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातले होते. खदिजा येताना मेथी दळून घेऊन आली. विशाखाच्या पिशवीतून निघाला डिंक, खारीक आणि सुकं खोबरं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लाडवांना," विशाखा म्हणाली. "इंदुबाईंचे डिंकाचेच असायचे."

खदिजाला हसू आलं. डिंकाचे कसले, इंदुबाई मेथीचे करायची, तिनं दोन्ही बाळंतपणांत स्वतः खाल्लेत, तोंड कडू व्हायचं ते अजून लक्षात आहे. मी म्हटलं तुम्ही दोघी शुद्धीवर आहात ना, इंदुबाईचा लाडू म्हणजे हळिवाचा, ओलं खोबरं आणि गूळ. मग काय विचारता! विशाखा एरवी गाय, पण त्या दिवशी तीही कंबर खोचून उभी राहिली. आम्ही एकमेकींच्या अकला काढल्या, स्मरणशक्ती काढली, माझ्या कढईला आणि खदिजाच्या साखरेच्या आजारालाही कुणी सोडलं नाही. नजीब दाराशी येऊन बघून गेले आणि नमाजाच्या नावाखाली घराबाहेर सटकले.

भांडता भांडता विशाखा म्हणाली, आमच्या साताऱ्याला माझी आई अगदी असेच करते, म्हणून तर मला चव पक्की माहीत आहे. आणि मी होते तिथं थांबले. कारण माझी आई हळिवाचे करते. खदिजाला विचारलं, म्हसळ्याला तुझ्या आईकडे? ती म्हणाली, मेथीचे. आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

तेव्हा मला आठवलं. लढाईतला तो पहिला दिवस. मी उशीत तोंड खुपसून रडत होते आणि इंदुबाईनं विचारलं होतं, "रडू नको पोरी. तुह्या मायच्या घरी बाळंतिणीले काय करतात, ते सांग." मी हुंदके देत सांगितलं. तिनं हळीव जन्मात हाताळले नव्हते. किती भिजवायचे, गूळ कधी घालायचा, सगळं माझ्याकडून विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. पहिला जरा कच्चा होता. तोही मी खाल्ला. विशाखाला तसंच विचारलं होतं, खदिजालाही. ती प्रत्येकीला जिच्या तिच्या आईचा लाडू करून घालत होती, आणि आम्ही सगळ्या शहाण्या इतकी वर्षं त्याला इंदुबाईचा लाडू म्हणत होतो.

मग इंदुबाईचा स्वतःचा कुठला? तिघींनाही माहीत नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

खदिजा व्यवहारी. ती म्हणाली, डिंकाचे नेऊ, विशाखा नि इंदुबाई दोघी घाटावरच्याच, सांगू आईचे म्हणून, पोरीनं कुठं खाल्लेत? गोष्ट खरी होती. पण माझ्या घशाखाली ते उतरेना. जी पोर म्हणते की आई तुमची झाली, माझी नाही झाली, तिला विशाखाच्या आईचा लाडू आईचा म्हणून चारायचा? मी म्हटलं, रामजीभाऊंना विचारते. इंदुबाईच्या आईकडचं त्यांना माहीत असेल.

मआमीरला गेले तेव्हा रामजीभाऊ ड्यूटीवरून येऊन अंगणात बसले होते. मी विचारलं, भाऊ, तुमच्याकडे बाळंतिणीला काय लाडू करतात? इंदुबाई स्वतः बाळंतीण होती तेव्हा तिच्या आईनं काय केलं होतं? ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, माणसाला आत्ताच बायको गेलीय आणि ही काय विचारते, असं वाटलं असेल.

"तिचा कुठला लाडू, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. संघप्रिया झाली ती दुष्काळात, बहात्तर सालच्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात. इंदुबाईची आई तिच्या लहानपणीच गेलेली. दोघंही सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. खायला अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर, आणि कामावर सुकडी, म्हणजे भरड पिठाचा कोरडा खाऊ वाटायचे तो. तिथंच, रस्त्याच्या कडेला पोतं बांधून केलेल्या आडोशाला पोर झाली. लाडू नाही, तेल नाही, शेक नाही. अंगात ताकद येण्याआधीच ती परत हातोडी घेऊन ढिगावर बसली, कारण कामावर नसेल त्याला सुकडी नसे. आणि तिला दूधच येईना. पोर रडून रडून गप्प व्हायला लागली. रडते तोवर ठीक, गप्प झाली तेव्हा आम्ही भ्यालो, असं ते म्हणाले.

"पलीकडच्या ढिगावर एक लमाणीण होती," रामजीभाऊ म्हणाले. "तान्हं लेकरू होतं तिला. ती आपली उठून आली, आमची पोर उचलली अन् पदराखाली घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. मग रोज पाजायची. तिचं लेकरू एका अंगाला, आमची पोर एका अंगाला. तीबी उपाशीच होती. तिच्यामुळं पोर वाचली."

मी नाव विचारलं.

"इचारलंच नाही हो. काम सरलं, माणसं पांगली. इंदूले मरेस्तोवर त्याचा घोर होता, का आपण नाव इचारलं नाही."

पोरीला हे कधीच सांगितलं नव्हतं. इथल्या शाळेतली पोर, तिला कमीपणा वाटेल असं इंदुबाईला वाटायचं. मी विचारलं, मग संघप्रियाच्या वेळेला ती कुठले लाडू करणार होती? रामजीभाऊ म्हणाले, मीबी तेच इचारलं होतं, तर म्हणाली तवाचं तवा पाहू. मग ते म्हणाले, आता तुम्हीच काय ते सांगा पोरीला, माझ्याच्यानं होणार नाही. एवढा धिप्पाड माणूस, पण हे बोलताना त्यांनी तोंड फिरवलं.

संघप्रियाला मुलगी झाली. ती घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तीन डबे घेऊन निघालो. रामजीभाऊंनीच त्यांच्या पिकअपमधून रिफाला सोडलं, पण वर यायला तयार होईनात. तुम्ही व्हा पुढं, म्हणाले आणि गाडीतच बसून राहिले. वर जाईपर्यंत खदिजा मला सांगत होती, तू बोलू नको, डिंकाचा डबा पुढं कर आणि गप्प बस, बाळंतिणीला असलं काही सांगायचं नसतं. जिन्यात मला तेही पटत होतं.

संघप्रिया बिछान्यावर बसली होती. डोळे सुजलेले, केस तसेच. बाळ पाळण्यात कुरकुरत होतं आणि टेबलावर बाटली भरून ठेवलेली होती. तिनं तिन्ही डबे उघडून बघितले.

"यातला आईचा कुठला?"

खदिजानं मला कोपर मारलं. पण त्या पोरीचा चेहरा हुबेहूब इंदुबाईचा होता आणि त्या चेहऱ्याला माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "एकही नाही," मी म्हटलं. "तिचा लाडू नव्हताच." आणि सांगून टाकलं. हळीव, मेथी, डिंक कसं झालं ते सांगितलं, मग खडीचा ढीग, सुकडी, पोत्याचा आडोसा. आधी ती चिडून ऐकत होती, खांदे ताठ करून. गोष्टीत लमाणीण आली तेव्हा ते खांदे उतरले. मी सांगत गेले आणि मला रडू येत गेलं, मी ते लपवलं नाही. विशाखा तर ओढणीत तोंड घालून बसली होती.

संघप्रिया बाळाकडे बघत होती. "तिला तर मी पुन्हा आठवलेही नसेन," ती म्हणाली. "त्या लमाणणीला. आणि आईला ती रोज आठवत होती."

पाळण्यात बाळ पुन्हा कुरकुरलं.

"म्हणजे तुमच्याकडे ती मी प्यालेल्या त्या दुधापायी जात होती," ती म्हणाली. शुद्ध मराठीत म्हणाली, एकही इंग्रजी शब्द नव्हता. "आणि मी तिच्याशी वर्षभर नीट बोलले नाही."

मग ती रडली. लहान पोर रडते तशी, आवाज करून. मी तिला जवळ घेतलं तर तिनं घेऊ दिलं. रडणं ओसरल्यावर हाताला लागला तो लाडू तिनं उचलला, तो नेमका मेथीचा निघाला. तोंड वाकडं करून खाल्ला, पण सगळा खाल्ला. मग तिनं बाटली उचलून विशाखाच्या हातात दिली, स्वयंपाकघरात ठेवून द्या म्हणाली, आणि बाळाला पाळण्यातून काढून पदराखाली घेतलं. नीट घेता येत नव्हतं. खदिजानं पुढं होऊन तिचा हात सरळ केला.

"पप्पा कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"खाली गाडीत बसलेत."

"वर बोलवा त्यांना," ती म्हणाली. "आणि आंटी, तोवर पाणी तापवा. हिची अंघोळ व्हायचीय अजून."